अण्णांचं अर्धं वाक्य : शाळेतल्या पोरांसोबत फिल्म करताना आम्ही काय शिकलो

मंगळवेढा : "तुम्ही बातम्यांचे व्हिडिओ काढता, आमच्या नववीच्या पोरांना जरा शिकवा की." गावातल्या हायस्कूलचे सर जानेवारीत हे म्हणाले तेव्हा मला वाटलं, दोन तासांचं काम आहे. मोबाईल कसा धरायचा, कुठं कापायचं, गाणं कसं टाकायचं, झालं. प्रत्यक्षात मार्च संपेपर्यंत आम्ही त्यातच होतो. मधे माझ्या चुकीमुळं एका म्हाताऱ्या माणसाच्या घरात भांडण लागलं. ते कसं लागलं आणि कसं मिटलं, हे सांगायलाच हा लेख लिहितोय. आज गावोगाव पोरं व्हिडिओ काढतात, शाळा उपक्रम करतात, आपण सगळेच ग्रुपवर काही ना काही टाकत असतो. आमच्याकडून जे चुकलं ते तुमच्याकडून चुकू नये.

विषय जेवढा छोटा तेवढा बरा

अकरा पोरं होती. सहा मुली, पाच मुलं. पहिल्या दिवशी विचारलं, कशावर फिल्म करायची? एकजण म्हणाला 'सैराट'सारखी. दुसरी म्हणाली 'शेतकऱ्यांच्या समस्या'. सर म्हणाले, 'सैराट' आपल्याच जिल्ह्यात, करमाळा भागात झाला हे खरं. पण नागराज मंजुळे यांनी त्याच्या कितीतरी आधी 'पिस्तुल्या' नावाची छोटी फिल्म केली होती. शाळेत जायची ओढ असलेल्या एका पोराची एवढीच गोष्ट. तिलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. गोष्ट लहान असली म्हणून फिल्म लहान होत नाही.

मग विषय बारीक करत आणला. शेतकऱ्यांच्या समस्या, त्यातून ज्वारी, त्यातून ज्वारीची काढणी आणि शेवटी एका शेतातली काढणी. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पण ती रानातून घरात कशी येते हे आपल्याच पोरांना धड सांगता येत नव्हतं. त्यामुळं विषय सगळ्यांना पटला.

शेत ठरलं अण्णांचं. सत्तरीच्या पुढचे आहेत. सगळं गाव त्यांना अण्णाच म्हणतं, मीही तेच म्हणतो. चार एकर काळं रान, मालदांडी ज्वारी.

शेतात जायच्या आधी सरांनी पोरांकडून वहीत यादी करून घेतली. काय काय काढायचं? ज्वारी उपटणारे हात, मुळाची माती झटकणं, पेंढी बांधणं, कणसं मोडणाऱ्या बायका, जेवणाची सुट्टी, कडब्याची गंजी, अण्णांची मुलाखत. ही यादी फार कामाला आली. यादी नसली की पोरं जे दिसेल ते काढत सुटतात आणि घरी आल्यावर कळतं की पेंढी बांधतानाचं काहीच नाही.

मोबाईल कुणाचा?

यात एक अडचण आम्ही धरलीच नव्हती. पोरांकडं स्वतःचा मोबाईल नाही. तो बापाचा असतो आणि बाप सकाळीच रानात किंवा कामाला गेलेला असतो. शेवटी तीन फोन ठरले. एका मुलाच्या वडिलांचा, एका मुलीच्या आईचा आणि माझा.

दुसरी अडचण अशी की फोन हातात आला की मुलंच धरायची. मुली नुसत्या वही घेऊन उभ्या. सरांनी दुसऱ्या दिवसापासून पाळी लावली. कॅमेरा, आवाज, नोंदी आणि माणसांशी बोलणं, चार कामं रोज बदलायची. यातल्या आवाजाच्या कामानं पुढं आमची अब्रू राखली. ते पुढं सांगतो.

शेतात चित्रीकरण करताना

पहिल्या दिवशीचं निम्मं चित्रीकरण वाया गेलं. कारणं साधीच होती :

मोबाईल उभा धरला होता. स्टेटसला, रील्सला उभा चालतो. पण पडद्यावर किंवा टीव्हीवर दाखवायचं असेल तर आडवाच धरायचा. मधेच आडवा-उभा करायचा नाही.

लेन्स पुसली नव्हती. ज्वारीच्या रानात धूळ आणि कूस किती उडते ते आपल्याला माहीत आहे. सगळं चित्र धुक्यातल्यासारखं आलं. दर अर्ध्या तासानं मऊ सुती कापडानं पुसायचं.

दोन बोटांनी झूम केलं. त्यानं चित्र जवळ येतं पण फाटल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा चार पावलं पुढं चालत जायचं.

ऊन डोक्यावर असताना काढलं. दुपारी टोपीखाली तोंड काळं येतं. सकाळी नऊच्या आत आणि दुपारी चारनंतर उजेड चांगला. सूर्य आपल्या पाठीशी ठेवायचा.

हात हलत होता. आमच्याकडं स्टँड नव्हता. पोरांनीच युक्ती काढली, दोन पेंढ्या उभ्या करून त्यांच्या मधे फोन टेकवला.

प्रत्येक तुकडा तीन-चार सेकंदांचाच होता. कापाकापीला जागाच उरत नाही. फोन स्थिर धरून मनात दहापर्यंत मोजायचं, मगच थांबवायचं.

आणि एक. चित्रीकरण चालू असताना फोन आला की काम बंद पडतं. म्हणून आधी फ्लाइट मोड लावायचा.

एका पोराला सारखं काहीतरी भारी इफेक्ट पाहिजे होतं. त्याला सरांनी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्याच्या आधी फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा लावून रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि दाण्यापासून वेल कसा वाढतो ते पडद्यावर दाखवलं. ते बघून त्यांना पुढच्या कामाला पैसा मिळाला. आज तेच काम फोनमधला टाइमलॅप्स करतो. त्या पोरानं एका जागी फोन ठेवून दीड तास गंजी रचताना टिपली. पडद्यावर ती वीस सेकंदांत उभी राहते. बघणाऱ्यांना आमच्या फिल्ममधलं तेच सगळ्यात जास्त आवडलं.

आवाज निम्मं काम करतो

फेब्रुवारीतला वारा तुम्हाला माहीत आहे. पहिल्या दिवशीच्या मुलाखतीत माणसाचा आवाज कमी आणि वाऱ्याची घरघरच जास्त. चित्र थोडं वाईट असलं तर लोक बघतात. आवाज कळत नसेल तर अर्ध्या मिनिटात बंद करतात.

त्या दिवशी आवाजाची पाळी एका मुलीची होती. तिनं आईचा फोन घेतला, त्यात आवाजाचं रेकॉर्डिंग चालू केलं, रुमालात गुंडाळला आणि अण्णांच्या बंडीच्या वरच्या खिशात ठेवला. तोंडाजवळ फोन, वर रुमाल, त्यामुळं वारा लागला नाही. सुरुवातीला एक टाळी वाजवली. व्हिडिओत टाळी दिसते आणि रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते. नंतर दोन्ही जुळवायला ती खूण कामाला येते. चौदा मिनिटांची मुलाखत झाली.

चूक माझी होती

काढणीच्या चार दिवसांत तीन तासांच्या वर चित्रीकरण झालं. मला वाटलं, फिल्म व्हायला वेळ आहे, तोवर एक ३० सेकंदांचा ट्रेलर करून गावच्या ग्रुपवर टाकू. बातमीदारीची सवय. पोरांना मीच सांगितलं, "पहिल्या पाच सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. कडक वाक्य शोधा."

अण्णा मुलाखतीत म्हणाले होते : "सगळे म्हणत्यात ज्वारी परवडत न्हाई. नुसत्या दाण्याचा हिशेब धरला तर न्हाईच परवडत. पण कडबा धरा, घरची भाकरी धरा. ह्या काळ्या रानात पाण्यावाचून दुसरं काय येतंय सांगा. म्या हाय तवर इथं ज्वारीच पेरणार."

आम्ही पुढचं कापलं, मागचं कापलं. ट्रेलरमध्ये अण्णांचा चेहरा आणि तीन शब्द राहिले : "ज्वारी परवडत न्हाई." खाली दुःखी संगीत.

ट्रेलर खूप फिरला. मी खूश. तिसऱ्या दिवशी अण्णा शाळेत आले आणि व्हरांड्यात बसले. त्यांच्याकडं बटणाचा फोन आहे, व्हिडिओ त्यांनी बघितलाच नव्हता. पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या धाकट्या मुलाला तो कुणीतरी पाठवला होता. रान दुसऱ्याला भाड्यानं द्यायचं, असं त्या घरात वर्षभर चालू होतं आणि अण्णा नाही म्हणत होते. मुलानं फोन केला : "बघा, आता तुम्हीच सगळ्या गावासमोर म्हणताय परवडत नाही. मग कशाला धरून बसलाय?"

मी खाली मान घालून उभा होतो. अण्णा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्या बोललो ते खरं हाय. पण म्या तेवढंच बोललो नव्हतो."

मूळ फाईल पुसली होती

म्हटलं, अण्णा, पूर्ण वाक्य लावून आजच टाकतो. फोन उघडला तर मुलाखतीचा मूळ व्हिडिओच नाही. तो ज्या फोनवर होता त्याची जागा भरली होती. पोराला वाटलं, पाहिजे तो तुकडा ट्रेलरमध्ये घेतलाय, आता बाकीचं कशाला? त्यानं पुसून टाकलं. फोन त्याच्या वडिलांचा, त्यांना दुधाच्या हिशेबाचे फोटो काढायचे होते. पोराचा दोष नाही. मी सांगायला पाहिजे होतं ते सांगितलं नव्हतं.

इथं एक गोष्ट समजून घ्या. एडिटिंगच्या बहुतेक ॲपमध्ये आपला व्हिडिओ साठवलेला नसतो. कुठली फाईल, कुठून कुठपर्यंत कापली, एवढंच ॲप लक्षात ठेवतं. गॅलरीतली मूळ फाईल पुसली की ॲपमधला तो भागही जातो. पुसलेले व्हिडिओ बऱ्याच फोनमध्ये साधारण ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतात. चुकून पुसलं तर आधी तिथं बघा. आमच्या पोरानं जागा व्हावी म्हणून ट्रॅशही रिकामा केला होता.

जागेचा हिशेब आधीच धरायला पाहिजे. साधारण १०८० दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ शंभर ते दीडशे एमबी खातो. तासाला सहा ते नऊ जीबी झाले. फोर-के ठेवलं तर त्याच्या अडीच-तीन पट. शाळेच्या कामाला १०८० पुष्कळ होतं.

आता आमचा नियम असा. रोज संध्याकाळी त्या दिवसाचं सगळं चित्रीकरण शाळेच्या संगणकावर आणि एका पेनड्राईव्हवर घ्यायचं. दोन ठिकाणी प्रत गेली, दोन्हीकडं चालवून बघितली, मगच फोनमधलं पुसायचं. फाईलला तारीख आणि विषय लिहायचा. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवू नका, तो दाबून लहान होतो आणि दर्जा जातो. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

रुमालातल्या फोननं वाचवलं

सगळे गप्प बसले होते. तेव्हा ती आवाजाची पाळीवाली मुलगी म्हणाली, "सर, माझ्या आईच्या फोनवर आवाज आहे की." तिनं ते रेकॉर्डिंग पुसलं नव्हतं. चौदाच्या चौदा मिनिटं होती. अण्णांचं पूर्ण वाक्य, आणि टाळीसुद्धा.

चित्र नव्हतं, पण यादीप्रमाणं काढलेलं बाकी सगळं होतं. आम्ही अण्णांचा आवाज लावला आणि त्यावर ज्वारी उपटणारे हात, कडब्याच्या पेंढ्या, चुलीवरची भाकरी अशी दृश्यं ठेवली. माणूस बोलत असताना त्याच्या बोलण्यातली गोष्ट दाखवायची, हे एडिटिंगचं जुनं तंत्र आहे. टीव्हीवरच्या बातम्यांत तुम्ही रोज बघता. 'कडबा धरा' म्हणताना कडबा दिसतो. मला तर चेहऱ्यापेक्षा हेच बरं वाटलं.

ट्रेलर ग्रुपवरून काढला. पण पुढं गेलेल्या प्रती थोड्याच परत येतात? म्हणून त्याच ग्रुपवर पूर्ण वाक्याचा नवा व्हिडिओ टाकला आणि खाली माझ्या नावानं लिहिलं : आधीच्या व्हिडिओत अण्णांचं बोलणं अर्धवट कापलं होतं, ती चूक माझी. लिहायला जड गेलं. पोरं बघत होती, म्हणून तर लिहायलाच पाहिजे होतं. त्यांच्या मुलालाही मी स्वतः फोन केला, चौदा मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवलं. तो म्हणाला, "ऐकतो." दोन दिवसांनी त्याचा अण्णांना फोन आला. घरात काय बोलणं झालं ते त्यांच्या घरातलं. रान अजून अण्णाच करतात.

कापताना काय बघायचं

यानंतर सरांनी वर्गात फळ्यावर अण्णांचं वाक्य लिहिलं आणि पोरांना ते वेगवेगळ्या ठिकाणी कापायला लावलं. पाच वाक्यांतून पाच वेगळे अर्थ निघाले. एकही शब्द खोटा नाही, तरी पाचातले तीन अर्थ अण्णांचे नव्हते.

तेव्हापासून एडिटिंग असं करतो :

आधी सगळं चित्रीकरण एकदा बघायचं आणि वहीत लिहायचं. कुठल्या फाईलमध्ये, कितव्या मिनिटाला काय आहे. कंटाळवाणं आहे, पण नंतरचे दोन दिवस वाचतात.

मग नुसते तुकडे ओळीनं लावायचे. इफेक्ट नाही, गाणं नाही. गोष्ट कळते का ते बघायचं. कळत नसेल तर इफेक्टनं कळणार नाही.

माणसाचं बोलणं कापलं की डोळे मिटून ऐकायचं. तो जे म्हणाला त्याचाच अर्थ राहिला का? 'पण' या शब्दाच्या आधी कधी कापायचं नाही. आमच्याकडं आता पोरं एकमेकांना हेच बजावतात.

सिनेमातलं गाणं टाकायचं नाही, यूट्यूबवर हक्काचा दावा येतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे. आम्ही शेवटी तेही टाकलं नाही. ज्वारीचा सळसळाट आणि बायकांच्या गप्पा ठेवल्या.

अक्षरं लिहिताना शुद्ध लिहायची. घाईत 'कडबा'चं 'कबडा' झालं होतं, तसंच जाणार होतं.

ज्याचा चेहरा, त्याची परवानगी

काढणीला आलेल्या बायकांत एक मावशी होत्या. साडीवर नवऱ्याचा शर्ट, डोक्याला फडकं. त्या म्हणाल्या, "माझं तोंड नको घेऊस बाळा, माहेरची माणसं बघत्यात." पोरांनी फक्त त्यांचे हात घेतले. फोड आलेले ते हात बघून पडद्यासमोर बसलेल्या बायका गप्प झाल्या होत्या.

चित्रीकरणाआधी विचारायचं, हे पोरांना कळलं होतं. पण नंतरही दाखवायचं, हे अण्णांमुळं कळलं. ज्याचं बोलणं घेतलं त्याला तयार झालेला व्हिडिओ आधी दाखवायचा, मगच ग्रुपवर टाकायचा. ज्याच्याकडं स्मार्टफोन नाही त्याच्या तर घरी जाऊन दाखवायचा. लहान पोरं दिसत असतील तर आईबापाला विचारायचं.

समाजमंदिराच्या भिंतीवर

मार्चच्या शेवटी समाजमंदिराच्या भिंतीवर फिल्म दाखवली. आठ मिनिटांची. तीन तासांतून आठ मिनिटं ठेवायची म्हणजे किती सोडून द्यावं लागतं ते पोरांना कळलंच. प्रोजेक्टर शाळेचा, चादर सरांच्या घरची.

आदल्या दिवशी पोरं अण्णांच्या घरी जाऊन त्यांना ती दाखवून आली होती. अण्णांनी एकच बदल सांगितला. मळणीच्या जागी पोरांनी 'खळं' लिहिलं होतं. अण्णा म्हणाले, "खळं कुठं राहिलंय आता? मशिन आलं. खोटं कशाला लिवता?" पोरांनी रात्रीच ते बदललं.

एप्रिलमध्ये परीक्षा झाल्या, पोरं दहावीत गेली. सर म्हणतात यंदाच्या नववीला विहिरींवर फिल्म करायची आहे. मला परत बोलावलंय. या वेळी पेनड्राईव्ह मी आधीच आणून ठेवलाय. तुमच्या गावच्या शाळेत पोरांनी असं काही केलं असेल तर आम्हाला नक्की कळवा, त्याचीही बातमी करू. अर्धी नाही, पूर्ण.